हनुसंधीची व्यथा आणि तिची नावे : शस्त्राविना उपचारांच्या इतिहासाची एक बाजू

रोगांचा इतिहास बहुधा वैद्यकाचे जाणकार लिहितात, आणि ते योग्यच आहे. भाषेच्या अभ्यासकाला त्या प्रांतात पाऊल टाकावयाचे असेल तर आपला अधिकार आधी दाखवावा लागतो. प्रस्तुत लेखाचा अधिकार एवढाच की, येथे ज्या व्यथेचा विचार करावयाचा आहे तिचे वर्णन करताना वाग्भटाने चर्वण आणि भाषण या दोन क्रियांना एकाच पंक्तीत बसविले आहे : हनू आपल्या स्थानावरून ढळली म्हणजे चावणे कष्टाचे होते आणि बोलणेही. बोलण्यात येणारी अडचण हे ज्या रोगाचे लक्षण, त्या रोगाकडे भाषाशास्त्राने एकवार पाहिल्यास ती अनधिकार चेष्टा ठरू नये. या व्यथेच्या उपचारांचा इतिहास तपासताना जी गोष्ट प्रकर्षाने जाणवते ती अशी की, येथे नाव आधी बदलते आणि उपचार मागाहून. ज्या काळात या व्यथेला जे नाव मिळाले, त्या नावाने तिची जागा ठरविली आणि त्या जागेने वैद्याचे हत्यार ठरविले.

बीड जिल्ह्याच्या बोलीत या भागाच्या दुखण्यासाठी तीन प्रयोग कानी पडतात, आणि ते मराठीत इतरत्रही रूढ आहेत. ‘जबडा सटकला’ हा पहिला. ‘दातखीळ बसली’ हा दुसरा. आणि ‘तोंड उघडत नाही’ हा तिसरा. तिन्हींत एक चमत्कारिक गोष्ट आहे. प्रत्यक्ष सांध्याचे नाव त्यांपैकी एकातही नाही. गुडघा, कोपर, घोटा, मनगट, खांदा या सांध्यांना मराठीत स्वतंत्र शब्द आहेत. परंतु कानाच्या अगदी पुढे, बोट ठेवून तोंड उघडमीट केली असता ज्याची हालचाल बोटाला स्पष्ट लागते, जो बोलताना, जेवताना, जांभई देताना दिवसभर राबतो, त्या सांध्याला लोकभाषेत नाव नाही. रोगी ‘कानाजवळ दुखते’ एवढेच सांगतो आणि साहजिकच कानाच्या डॉक्टरांकडे जातो.

हे असे का झाले, याचे उत्तर अंशत: ‘हनु’ या शब्दाच्या चरित्रात आहे. संस्कृतात ‘हनु’ म्हणजे जबडा आणि ‘चिबुक’ म्हणजे जबड्याचे पुढचे टोक. मराठीने ‘चिबुक’ बोलीतून टाकून दिला व ‘हनु’ला ‘हनुवटी’ करून त्या टोकावर नेऊन बसविले. मागे रिकाम्या राहिलेल्या जागी ‘जबडा’ आला. एक शब्द सरकला की शेजारचे शब्दही कसे सरकतात, याचे हे सुबोध उदाहरण होय. असे सरकणे केवळ मराठीपुरते नाही. ग्रीक ‘गेनुस्’ जबड्याचा वाचक, लॅटिन ‘गेना’ गालाचा, गॉथिक ‘किन्नुस्’ही गालाचा, आणि त्याच कुळातला इंग्रजी ‘चिन’ मात्र आपल्या हनुवटीसारखाच टोकावर जाऊन थांबलेला. (विद्यार्थ्यांनी येथे एक कोडे ध्यानात ठेवावे. या भगिनीभाषांच्या साक्षीवरून संस्कृतात ‘ह’च्या जागी ‘ज’ अपेक्षित होता, जसा तो गुडघ्याच्या ‘जानु’ शब्दात आहे. हा ‘ह’ कोठून आला यावर तुलनात्मक व्याकरणात पुष्कळ शाई खर्ची पडली आहे.) आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, आजचा मराठी वाचक जुने वैद्यकग्रंथ उघडतो तेव्हा ‘हनु’ या शब्दापाशी त्याच्या डोळ्यांसमोर हनुवटी येते, आणि ग्रंथकार तर कानापाशी चाललेल्या घटनेविषयी बोलत असतो.

त्या ग्रंथांत काय आहे? सुश्रुताने निदानस्थानात दंतरोगांची गणना करताना ‘हनुमोक्ष’ नावाचा विकार सांगितला आहे. त्यात वातामुळे हनुसंधी विसंहत, म्हणजे जागचा सुटा होतो. पुढे चिकित्सास्थानात भग्नचिकित्सेच्या अध्यायात त्याचा उपचार येतो : हाडे जागेवर आणावी, शेक द्यावा, सांधा नीट बसला म्हणजे ‘पंचांगी’ नावाचा बंध बांधावा आणि वातघ्न द्रव्यांनी सिद्ध केलेल्या तुपाचे नस्य करावे. सूत्रस्थानात बंधांचे जे १४ प्रकार सांगितले आहेत त्यांत या ‘पंचांगी’ची गणना आहे, आणि हनू, शंख व गंड या जागांसाठी ‘खट्वा’ नावाचा आणखी एक बंध नेमून दिला आहे. सुश्रुत हा शस्त्रकर्माचा आचार्य. नाक नव्याने घडविण्यापर्यंत ज्याची मजल गेली होती, त्याने या सांध्यासाठी शस्त्र उचललेले नाही. चरकाने वातव्याधींच्या अध्यायात दिलेली कृती तर हाताच्या बोटांपर्यंत तपशीलवार आहे. तोंड उघडे राहून मिटेनासे झाले असेल तर हनूला शेक देऊन अंगठ्यांनी ती दाबावी, तर्जनींनी वर उचलावी आणि चिबुक उंच करावे. हनू खाली ओघळली असेल तर तिला स्वस्थानी न्यावे, ताठरली असेल तर शेकून नमवावी. वाग्भटाने या विकाराला ‘हनुस्रंस’ म्हटले व त्याची कारणेही सांगितली : जीभ अतिशय खरवडणे, कोरडे पदार्थ खाणे आणि मार लागणे.

अंगठा आत, बोटे हनुवटीखाली, ही कृती एकट्या भारताची नव्हे. एडविन स्मिथ या संग्राहकाने १८६२ मध्ये ईजिप्तमधील लक्सर येथे विकत घेतलेला व जेम्स हेन्‍री ब्रेस्टेड यांनी १९३० मध्ये भाषांतरासह प्रसिद्ध केलेला पपायरस इसवी सनापूर्वी सुमारे १६०० या काळातील आहे. त्यातील पंचविसावा रुग्ण निखळलेल्या जबड्याचा असून उपचार जवळजवळ हाच आहे. हिपोक्रातेसच्या परंपरेत तो आहे, इब्न सीनाच्या ‘कानून’मध्ये आहे, आणि आजच्या रुग्णालयाच्या अपघातविभागातही डॉक्टर हेच करतात. बीड हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्यामुळे येथे वैद्यांइतकाच हकिमांचाही वावर होता. ‘इलाज’, ‘मलम’, ‘दवाखाना’, ‘नस्तर’ हे शब्द मराठीला त्या परंपरेने दिले. म्हणजे या जिल्ह्यात संस्कृत व अरबी असे दोन प्रवाह एकत्र आले, आणि निखळलेल्या जबड्याविषयी दोन्ही प्रवाह एकच गोष्ट सांगत होते. खेड्यात मात्र दोन्ही ग्रंथ न वाचलेला हाडवैद्य ती गोष्ट करीत असे.

येथे अभिमानाच्या भरात वाहून जाण्याचा धोका आहे, म्हणून एक मर्यादा स्पष्ट करणे आवश्यक वाटते. जुन्या आचार्यांना या सांध्यात कूर्चेची एक चकती असते आणि तोंड उघडताना हाडाचा गोळा आधी फिरतो व मग चकतीसह पुढे घसरतो, ही यंत्रणा ठाऊक नव्हती. त्यांनी पाहिली ती दोन दृश्य टोके : तोंड उघडेच राहणे आणि तोंड मिटलेलेच राहणे. या टोकांना त्यांनी ‘विवृतास्यता’ व ‘संवृतास्यता’ अशी नावे दिली. शिक्षा व व्याकरण यांच्या अभ्यासकाला हे शब्द परके नाहीत. ऱ्हस्व अकार ‘संवृत’ आणि आकार ‘विवृत’, हा भेद पाणिनीय परंपरेत प्राथमिक आहे. अष्टाध्यायीचे शेवटचे सूत्र याच विषयावर आहे. तैत्तिरीय प्रातिशाख्य अकाराच्या उच्चारात ओठ व हनू यांचे अंतर किती असावे हे सांगते, आणि कवर्गाचे स्थान म्हणून ‘हनुमूल’ याचा निर्देश करते. चरकाचा वायू कुपित होऊन जेथे ठाण मांडतो, ती जागाही ‘हनुमूल’च. दोन शास्त्रांनी एकच शब्दसंपत्ती वाटून घेतली होती, कारण दोघांच्याही निरीक्षणाची वस्तू बोलणाऱ्या माणसाचे तोंड ही होती. आजही डॉक्टर ‘आ करा’ म्हणतात तेव्हा मराठीतील सर्वांत विवृत स्वराचेच नाव घेऊन सांध्याची परीक्षा घेतात. रोग्याची स्वत:ची तीन बोटे उभी धरून दातांच्या मध्ये मावली तर उघडणे सामान्यत: पुरेसे, मोजपट्टीने हे अंतर सुमारे ४० मिलिमीटर भरते.

आधुनिक वैद्यकात या व्यथेचा प्रवास अधिक वळणावळणाचा झाला. १८८७ मध्ये एडिंबरोचे शल्यचिकित्सक टॉमस अ‍ॅनन्डेल यांनी जागचा ढळलेला चकतीचा भाग टाके घालून पूर्ववत बसविल्याचे प्रसिद्ध केले. त्यानंतरची मोठी घटना १९३४ ची. सेंट लुईस येथील जेम्स कॉस्टन यांनी ११ रुग्णांच्या आधारे कान व सायनस यांच्या तक्रारींचा संबंध या सांध्याशी जोडला आणि ‘कॉस्टनचा लक्षणसमूह’ हे नाव रूढ झाले. कॉस्टन हे कान-नाक-घशाचे तज्ज्ञ होते, ही बाब आपल्या विवेचनात गौण नाही. रोगी कानाकडे बोट दाखवून आले, म्हणून व्यथेचे पहिले प्रसिद्ध आधुनिक नाव कानाच्या तज्ज्ञाकडून आले. मागच्या दाढा पडल्यामुळे जबडा प्रमाणाबाहेर मिटतो व नसांवर दाब येतो, अशी त्यांची उपपत्ती होती; उपाय अर्थात दातांची उंची वाढविणे. शरीररचनाशास्त्रज्ञ हॅरी सिकर यांनी १९४८ मध्ये हा दाब रचनेच्या दृष्टीने संभवत नाही असे दाखविले. उपपत्ती कोसळली, नाव मात्र पुष्कळ वर्षे टिकले आणि नावाबरोबर दात घासून, चढवून ‘चावा’ दुरुस्त करण्याची रीतही टिकली.

पुढचा पालट १९५० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील लास्लो श्वार्ट्‌झ यांनी केला. त्यांनी ‘वेदना व कार्यबिघाड’ हे शब्द नावात आणले आणि लक्ष दातांकडून चर्वणाच्या स्नायूंकडे वळविले. १९६९ मध्ये डॅनिएल लास्किन यांनी ‘स्नायुवेदना व कार्यबिघाड’ असे नामांतर करून मनावरचा ताण, दात आवळणे व स्नायूंचा थकवा अशी साखळी मांडली. नावातून सांधाच निघून गेला. त्याबरोबर शस्त्रही मागे पडले. याच संप्रदायातील १९७६ चा एक प्रयोग तर भाषेच्या अभ्यासकाने मुळातून वाचावा असा आहे. २५ रुग्णांचे दात घासून चावा जुळविल्याचे केवळ नाटक करण्यात आले, प्रत्यक्षात काहीही घासले नाही; त्यांपैकी १६ जणांना बरे वाटले. याचा अर्थ दुखणे खोटे होते असा करणे ही मोठी चूक ठरेल. धीराचे शब्द, डॉक्टरांनी दिलेला वेळ आणि मधे गेलेले दिवस यांचा या व्यथेवर वास्तविक परिणाम होतो, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु इतिहास सरळ रेषेत जात नाही. १९७० नंतर सांध्यात रंजकद्रव्य घालून क्ष-किरण चित्रे काढण्याचे तंत्र सुधारले, ढळलेली चकती पुन्हा डोळ्यांना दिसू लागली आणि ‘आंतरिक बिघाड’ हे यंत्राला शोभणारे नाव प्रचारात आले. यंत्र बिघडले म्हणजे सुटा भाग बदलावयाचा, हा विचार त्या नावातच दडलेला होता. अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात शेकडो नव्हे, हजारो रुग्णांची चकती काढून तेथे टेफ्लॉनयुक्त कृत्रिम पदार्थ बसविण्यात आला. चावण्याच्या दाबाने त्याचे कण झाले, कणांविरुद्ध शरीराने प्रतिक्रिया दिली आणि सांध्याचे हाड झिजू लागले. १९९०–९१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हे रोपण माघारी घेण्याची कारवाई केली. अनेकांना वेदनेपेक्षा उपचार जड गेला. १९९६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरविलेल्या परिषदेने बहुसंख्य रुग्णांसाठी जे उपचार मागे घेता येतात तेच आधी करावे असा कौल दिला. तोवर नावही पुन्हा बदलले होते : एका रोगाऐवजी अनेक ‘विकारांचा’ समूह. २०१४ च्या निदाननिकषांत शरीराच्या तपासणीबरोबर रोग्याची मन:स्थिती व दैनंदिन अडचण यांची स्वतंत्र नोंद करावयाची आहे. २०२३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या मार्गदर्शिकेने दीर्घकाळच्या दुखण्यासाठी समजावून सांगणे, जबड्याचे व्यायाम व ताण देणे, हाताने केलेले स्नायूंचे उपचार आणि विचार-वर्तनाची चिकित्सा यांची जोरदार शिफारस केली, चकती काढण्याविरुद्ध तितकाच जोरदार कौल दिला. रात्री दातांवर बसवावयाच्या साच्याबद्दलही, ज्यावर आपल्याकडील दवाखान्यांचा विशेष लोभ आहे, तिने फारसा उत्साह दाखविलेला नाही.

आता बीडकडे वळू. या जिल्ह्यात वैद्यकीय शिक्षणाची सोय उशिरा आली. मराठवाड्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सुरू झाले. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७० नंतरच्या दशकातील, आणि औरंगाबादचे शासकीय दंतमहाविद्यालय १९८२ मधील. त्यापूर्वी दाताचे शासकीय महाविद्यालय गाठावयाचे तर मुंबई किंवा नागपूर. साहजिकच कानापुढच्या दुखण्याला येथे दीर्घकाळ शेक, तेल, फडके बांधणे आणि हाडवैद्य एवढेच उपाय होते. त्यांतील शेक, मऊ अन्न आणि जबड्याला विश्रांती हे आजही प्रथमोपचारच आहेत. ज्वारीची कडक भाकरी न चावता दुधात किंवा वरणात कुस्करून खाणे, ऊस दाताने न सोलणे, जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरणे, दिवसा दात एकमेकांवर न आवळणे : हे सांगण्यास डॉक्टरांना दहा मिनिटे लागतात आणि औषधाची चिठ्ठी लागत नाही.

मात्र ही दहा मिनिटेच दुर्मिळ आहेत. बीडमधील लक्षावधी माणसे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात, मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या रकमेला ‘उचल’, आणि कामाला न गेलेल्या दिवसाला ‘खाडा’. खाड्याचे पैसे कापले जातात. ज्या उपचाराला महिन्याला एक याप्रमाणे चारपाच फेऱ्या लागतात, तो या शब्दकोशात बसत नाही. एका खेपेत ‘सोक्षमोक्ष’ लावणारे शस्त्रकर्म मात्र बसते. याचे भयंकर उदाहरण जबड्याचे नसून गर्भाशयाचे आहे. २०१९ मध्ये शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. ‘पिशवी खराब झाली आहे’ हे वाक्य त्या काळात घराघरांत पोहोचले होते. ‘खराब’ या विशेषणाने जे काम तेथे केले, तेच काम ‘सांधा झिजला’, ‘चकती सरकली’ ही वाक्ये करू शकतात. वस्तुत: तोंड उघडताना होणारा ‘कट्’ असा आवाज असंख्य निरोगी माणसांत आढळतो, वेदना नसेल व तोंड पुरेसे उघडत असेल तर त्याला उपचाराची गरज नसते. ‘आवाज येतो, पण सांधा काम देतो आहे’ आणि ‘चकती सरकली आहे’ या दोन वाक्यांनी एकाच शरीरस्थितीचे वर्णन होते. पहिले वाक्य ऐकलेली स्त्री घरी जाऊन व्यायाम करते. दुसरे ऐकलेली तोंड उघडण्यास भिते, स्नायू आखडतात, दुखणे वाढते. व्यायाम तर असा की तो फडातल्या कोपीतही करता येतो : जीभ टाळूला लावून, आरशात पाहून, जबडा एका बाजूला न जाऊ देता सावकाश तोंड उघडणे. स्थलांतर करणाऱ्याबरोबर जाऊ शकणारा हा एकच उपचार आहे, आणि तो सर्वस्वी शब्दांतून दिला जातो.

आरंभी दिलेल्या तीन प्रयोगांपैकी उरलेल्या दोहोंचा निकाल येथे लावला पाहिजे, कारण त्यांची गल्लत जिवावर बेतू शकते. ‘दातखीळ’ म्हणजे दातांना घातलेली खीळ. हा शब्द मुख्यत: धनुर्वाताचा. लसीकरणामुळे माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये मान्य झाले, आणि तेव्हापासून हा शब्द बेशुद्धीच्या, भीतीच्या किंवा विनोदाच्याच प्रसंगी अधिक ऐकू येतो. परंतु जखमेनंतर काही दिवसांनी जबडा आवळत चालला असेल तर तो सांध्याचा विकार समजून शेकत बसणे घातक आहे. ‘तोंड उघडत नाही’ याची कथा निराळी. सुपारी व गुटखा खाणाऱ्यांच्या तोंडातील अस्तर तंतुमय व ताठ होते. केनियातील पाच भारतीय स्त्रियांमध्ये श्वार्ट्‌झ नावाच्याच दुसऱ्या एका संशोधकाने १९५२ मध्ये त्याची नोंद केली आणि १९५३ मध्ये मुंबईचे डॉ. स. गो. जोशी यांनी त्याचे वर्णन करून आजचे नाव रूढ केले. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. टपरीवरच्या व्यवहारात ती कितपत उतरली हे वाचकांना ठाऊक आहे. या रोग्याचा सांधा निर्दोष असतो. तीन बोटांच्या जागी दोन, मग एक, असे त्याचे तोंड वर्षानुवर्षे मिटत जाते, तिखट लागताच आग होते, आणि यातून कर्करोग उद्भवण्याचा धोका असतो. त्याला जबड्याचे व्यायाम लागतात हे खरे, पण सुपारी सुटल्यावाचून ते व्यर्थ होत.

राहता राहिले ते रोगी, ज्यांना शस्त्र खरोखरच हवे. लहानपणी हनुवटीवर पडल्यामुळे हाड मोडून, किंवा कान फुटून संसर्ग आत उतरल्यामुळे, सांध्याची हाडे एकमेकांस जुळून एकसंध होतात. अशा मुलाचा खालचा जबडा वाढत नाही, हनुवटी मागे राहते, दात घासता येत नाहीत, अन्न फटीतून ढकलावे लागते. शेक, तेल, बंध, व्यायाम यांनी जुळलेले हाड सुटत नाही. ते शस्त्रानेच मोकळे करावे लागते, आणि त्यानंतर मात्र सांधा पुन्हा जुळू नये म्हणून महिनोन् महिने नेटाने व्यायाम करावा लागतो. घरातील माणसे अशा मुलाविषयी ‘त्याचे तोंड पहिल्यापासूनच लहान आहे’ असे म्हणतात. सांध्याला नाव नसल्यामुळे दोष चेहऱ्याकडे जातो, आणि मूल दवाखान्यात पोहोचते ते पुष्कळदा समोरचे दुधाचे दात पडून गेल्यानंतर.